ओढ्याची पडलेली भिंत

ओढ्याचं पाणी आमच्या घरांत शिरलं, त्यानंतर महिन्याभराने बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तीन संशोधक आले. एक पर्यावरणाच्या बाई, एक मानसशास्त्राच्या आणि एक स्थापत्य अभियंता. विषय तिघांचे वेगळे, पण शब्द एकच, रेझिलियन्स. म्हणजे संकटातून पुन्हा उभं राहण्याची ताकद, असं त्यांनी समजावलं. तीन शिकलेली माणसं एका शब्दावर एकमताने खूश आहेत, हे बघून मला संशयच आला.

शेजारच्या काकू मात्र रंगात आल्या. "ढग भरून आले की तळमजल्यावरचे आम्ही गहू, मिक्सर, गाद्या सगळं वरच्या घरांत नेतो. पाणी ओसरलं की घर धुऊन पुन्हा संसार मांडतो. रडत बसत नाही हो!" पर्यावरणाच्या बाई भराभर लिहून घेत होत्या.

"काकू, थांबा जरा," मी म्हणाले. "अहो, हे वाचून वरचे साहेब ओढ्याची पडलेली भिंत बांधतील, की या बायकांचं झकास चाललंय म्हणून फाइल मिटतील?"

"अगं, पाहुण्यांना चहा तरी घेऊ दे," काकू कुरकुरल्या.

अभियंता प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सांगता येत नाही."

मग चहा तसाच ठेवून मी तिघांना ओढ्यावर नेलं. भिंतीच्या जागी नुसता राडारोडा होता. मानसशास्त्राच्या बाईंनी हळुवारपणे विचारलं, "इथे उभं राहून तुम्हाला काय वाटतं?"

"भिंत नाही, असं वाटतं," मी म्हणाले. "तेवढं आधी लिहा."