बंब तापला वं

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी आजवर फक्त भांडायला येत होते. कुणी पिंपळाखाली उभ्या असलेल्या बाईबद्दल लिहिलं की त्याखाली "पित्ताची गोळी घ्या, झोप लागेल" असं लिहिणारी ती मीच. माझे बाबा जबलपूरला रांझीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, आयुष्यभर तोफगोळ्यांत दारू भरली त्यांनी. घरात कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "भूतबित काही नसते बाप्पा, फुटते ते फ्यूजनं फुटते." माझं शिक्षण एवढंच. त्यामुळे खालचं वाचून कुणी मलाच पित्ताची गोळी सुचवली तर मी रागावणार नाही... रागावेन, पण ऐकून घेईन.

मराठीही जरा सांभाळून घ्या. आम्ही मूळचे वर्धेकडचे, पण माझा जन्म जबलपूरचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नवरा नरसिंगपूरकडचा, पक्का हिंदीवाला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना मराठीचे दोनच शब्द आले, "जेवण" आणि "गप्प". पहिला हे वापरतात, दुसरा मी.

तर, आमच्या ह्यांनी वेळेआधी नोकरी सोडली आणि एक मोटरहोम विकत घेतलं. मोठी व्हॅन असते, तिच्या आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं असतं. अमरकंटक, कान्हा, भेडाघाट फिरायला लोकांना भाड्यानं द्यायचं, अशी योजना. भोपाळच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतलं. मी म्हटलं होतं, नीट बघून घ्या. ह्यांनी बघितलं काय, तर पडदे.

पहिलं बुकिंग आलं आणि त्या लोकांनी फोनवर विचारलं, सोबत म्हातारी आजी आहे, थंडीचे दिवस, अंघोळीला गरम पाणी येतं ना? हे म्हणाले, "बिल्कुल आता है जी!" फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. कारण गरम पाण्याचा नळ होता, लाल खुणेचा, पण पाणी गरम करणारं यंत्र नक्की कुठे आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. माहितीपुस्तक नाही. भोपाळवाला फोन उचलेना. आणि हीटरची सर्व्हिसिंग न करता गाडी द्यायची नाही असा मी हट्ट धरला. तो हट्ट बरोबर होता, हे आधीच नोंदवून ठेवते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिछाईला, कारखान्यांच्या वस्तीत नेली. तिथे ह्यांच्या ओळखीचा गुड्डू भैया, घमापूरचा, गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. त्याच्या शेडसमोर पटांगण आहे, पुढे रस्ता, रस्त्याच्या कोपऱ्यावर चहाची टपरी. हे सगळं सांगते कारण पुढे कोण कुठे होतं यालाच महत्त्व आहे.

गुड्डूनं शेडमधून वायर ओढून गाडीला लाइन दिली. आत दाराजवळ बटणांची एक पाटी होती, त्यावरची नावं घासून गेलेली. दोघांनी एकेक बटण दाबून बघायला सुरुवात केली. दिवा लागला, पंखा लागला, फ्रिज घुरघुरला. काही बटणांनी काहीच झालं नाही, ती तशीच दाबलेली राहिली. कुणी दाबली यावर दोघं आजही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग शोध. ओट्याखाली नाही. बाथरूममागे नाही. लाल नळाचा पाइप धरून मागे मागे गेलो तर तो पलंगाखाली एका प्लायवूडच्या पेटीत शिरत होता आणि ती पेटी चारी बाजूंनी ठोकून बंद. मी म्हटलं, बाहेरून बघा, अशा यंत्राला बाहेरच्या अंगाला झाकण असतं, वाफ जायला जाळी असते. मी नेटवर वाचलं होतं. हे म्हणाले, बाहेरून सगळा पत्रा सपाट आहे, दिसत नाही का? दिसत होतं. पण मी म्हणून राहिले, हे ऐकून नाही राहिले, शेवटी मी "करा काय करायचं ते" म्हणून चहा आणायला निघून गेले. तोवर सकाळची दुपार होत आली होती.

मी गेले तेव्हा गुड्डू पुढे ड्रायव्हरच्या सीटवर उलटा बसून तारा चाचपत होता. हे पलंगाची गादी काढून, वरची फळी उचकटून, डोकं आणि खांदे पेटीत घालून पोटावर पडले होते. आमचे हे खात्यापित्या घरचे आहेत. आत शिरायला जितका वेळ लागला, निघायला त्याच्या दुप्पट लागणार हे उघड होतं.

टपरीवर मी चहा उकळायची वाट बघत उभी. चहावाल्याशी आल्यावरून वाद चालला होता, तो आलं घालत नव्हता. तेवढ्यात पटांगणातून आरडाओरडा. आधी गुड्डू धावत आला, मग काही वेळानं हे. एका पायात चप्पल, चष्मा गायब, कपाळावर टेंगूळ.

"बम! बम है! भागो!"

आता जबलपूरमध्ये हा शब्द असा ओरडायचा नसतो. इथे अर्ध्या घरांतल्या माणसांनी बॉम्ब बनवून पोरांची शिक्षणं केली आहेत. शेजारच्या शेडमधले वेल्डर हातातलं टाकून पळाले. चहावाला टपरीखाली. माझा मात्र संतापच झाला. मी हातात चहाची पिशवी घेऊन उलट त्यांच्याकडेच निघाले, "काय तमाशा लावलाय!" ह्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की पुढे कितीतरी दिवस निळं होतं.

आणि गाडी फुटली.

आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही, छातीत लागला एवढं आठवतं. गाडीच्या मागच्या अंगाचा पत्रा उघडला, पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला आणि उकळतं पाणी पटांगणात सांडलं. पलंगाच्या फळीचा तुकडा छतात रुतून बसला होता. जिथे ह्यांचं डोकं होतं, तिथल्या पेटीचं काही शिल्लक नव्हतं. मी रस्त्यावर बसले आणि ह्यांच्या पायाला धरून रडले, चारचौघांत. लाज वगैरे काही वाटली नाही.

स्फोटाचं सगळं स्पष्टीकरण मिळालं, त्यात काही गूढ नाही. दुसऱ्या एका जाणत्या माणसानं येऊन बघितलं. हीटर पलंगाखालीच, त्या पेटीत आणखी एका फळीआड होता. बाहेरचं झाकण पावसाचं पाणी गळतं म्हणून आधीच्या मालकानं पत्र्यानं बुजवून वर रंग मारला होता. आत जुनं पाणी होतं. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बिघडला म्हणून कुणीतरी तारा थेट जोडल्या होत्या. आणि जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षार साचून दगड झाला होता. सकाळी दाबलेल्या बटणानं पाणी तापत राहिलं, तापत राहिलं... आणि फुटलं. तुमच्यापैकी कुणाकडे अशी गाडी असेल तर आधी लाइन आणि गॅस बंद करा, टाकी गार होऊ द्या, पाणी काढून क्षार धुवा, व्हॉल्व्ह हातानं उघडून बघा. नवऱ्यानं नाही म्हटलं तरी बघा.

प्रश्न वेगळाच आहे.

शेजारच्या शेडमध्ये आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ह्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्यावरच डाफरले, "बम दिखा था तो ज़रा ज़ोर से चिल्लातीं! इतने आराम से कौन बोलता है?"

मी म्हटलं, "कोण बोललं? मी?"

"और कौन! तुम्हीं तो बोलीं!"

गुड्डू म्हणाला, "हओ भाभी, आप ही ने तो आवाज़ दी. हमने बम सुना और सीधे कूद पड़े."

मी टपरीवर होते. चहावाला साक्षीला, आल्यावरून भांडत होते मी. टपरीवरून गाडीत ऐकू जाईल असा माझा गळा आहे, हे खरं. पण मी बॉम्ब म्हटलंच नव्हतं. कशाला म्हणेन?

मला वाटलं, घाबरले आहेत, डोक्याला लागलंय. पण संध्याकाळी घरी जेवताना पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा, बाई काय म्हणाली? शब्द सांगा. ह्यांनी घास खाली ठेवला. मग जसं ऐकलं तसं, अर्थ न कळता, पोरं कविता घोकतात तसं म्हणून दाखवलं,

"बम तापला वं... निंघ नं बाहीर... पानी निवून राह्यलं."

मी पोळी ताटात ठेवली आणि पुन्हा म्हणायला लावलं.

ज्यांना वऱ्हाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. बम नव्हे, बंब. पाणी तापवायचा तांब्याचा बंब. बंब तापला, बाहेर निघ, पाणी गार होतंय. आमच्याकडे घरात कुणाला अंघोळीला बोलवायचं तर असंच बोलवतात. यात धोक्याची सूचना नाही, घाई नाही. ह्यांनीच सांगितलं होतं ना, आरामात बोलत होती म्हणून. "जैसे रसोई से कोई आवाज़ दे," असं म्हणाले. थोडी थकलेली, रोजची हाक.

आणि आमच्या ह्या दोन हिंदीवाल्यांनी बंबाचा बम केला आणि पळाले. मराठी येत असती तर तिथेच राहिले असते.

गुड्डूला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला, ह्यांच्याशी त्याचं बोलणं व्हायच्या आत. म्हटलं, जे ऐकलं ते म्हणून दाखव. तो संकोचला, मग म्हणाला, "बम तापला वं. बस भाभी, इसके आगे हम थे ही नहीं वहाँ." हे पेटीत अडकले होते म्हणून पुढचंही ऐकू आलं. फक्त एका बाबतीत दोघांचं जुळत नाही. गुड्डू म्हणतो आवाज मागून, पलंगाकडून आला. आणि हे, ज्यांचं डोकं पलंगाखाली होतं, ते म्हणतात आवाज समोरून आला. पेटीच्या आतल्या बाजूनं.

मी काय काय तपासलं ते सांगते. ह्यांनी माझ्या माहेरी कधी बंब ऐकला असेल? आई-बाबा आमच्या लग्नाआधीच गेले, माहेर उरलंच नव्हतं, आणि आमच्या घरी पहिल्यापासून गीझर. फोन माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्यावर. रस्त्यावर नागपूरचा एखादा ट्रकवाला? असेल, पण बाई? शेजारच्या शेडचा चौकीदार पांढुर्ण्याचा आहे, मराठी बोलतो, तो गावी गेलेला. भोपाळवाल्यानं शेवटी फोन उचलला. कुणी मेलंबिलं नाही त्या गाडीत, नवी कोरी बनवून घेतली होती, मराठी माणूस तिच्यात कधी बसला नाही. उलट तोच घाबरला, आम्ही केस करतो की काय म्हणून.

वर्ध्याला माझी मोठी बहीण असते. तिला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "अवं, आई असन ते! तुह्यासाठी आली वं. काहून इतका विचार करून राहिली? हात जोड आन् मोकळी हो."

मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. खरंच. पण मला ते पटत नाही आणि का पटत नाही तेच मला झोपू देत नाही. "वं" हे बाईला म्हणतात. पुरुषाला नाही. "निंघ" हे एकाच माणसाला म्हणतात. ह्यांना किंवा गुड्डूला बोलावलेलंच नव्हतं ते. मला म्हणावं, तर मी आत नव्हते. आपलं माणूस असतं तर त्याला एवढं कळलं नसतं का? वाचवायला आलेलं कुणी "पाणी निवून राह्यलं" असं म्हणेल का?

ती हाक आमच्यातल्या कुणालाच नव्हती. ती दुसऱ्याच कुणा बाईला होती, जी त्या पेटीत, किंवा पेटीच्या पलीकडे, किंवा कुठे, मला माहीत नाही, पण होती आणि आळस करत होती. आमची माणसं मध्ये ऐकून वाचली. तिचं काय झालं?

गाडी दुरुस्त झाली. नवीन हीटर बाहेरच्या अंगाला, झाकण-जाळीसकट बसवला. पाणी छान तापतं, बुकिंग चांगली येतात, कुणी कधी तक्रार केलेली नाही. ह्यांच्या मते विषय संपला. मी अजूनही पिंपळाखालच्या बाईवर विश्वास ठेवत नाही आणि माझ्याजवळ याचं काहीही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाजवळ असेल तर लिहा, मी भांडणार नाही.

फक्त एक करते. पाहुणे यायच्या आधी हीटरचं बटण मी स्वतः दाबते, मग दार सताड उघडून खाली उभी राहते आणि आत बघून म्हणते, "निंघ वं बाई." हे विचारतात, किसको बुला रही हो? मी ह्यांना गप्प म्हणते, आणि एखादी बाई पायरीवरून उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बाजूला सरकून उभी राहते.