चिंचेखाली रडू देणाऱ्या बाई

बायकोनं अन् म्या मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी शेंगा फोडल्या. तिनं फोडल्या, म्या खाल्ल्या. पहाटं ती गेली. तवापासून आमची पोरकी नात घरात रडंना, बोलंना.

त्या साली आमच्या तेर गावच्या शाळंत परगावच्या एक बाई आल्या होत्या. नाव म्या कधी इचारलं न्हाय. बुचड्यात पेन्सिल खोचून हिंडायच्या. रडू आलेल्या पोरानं चिंचेखाली बसून रडावं, तोंड धुवावं अन् वर्गात यावं, असा त्यांचा कायदा. गणिताच्या तासाला निम्मा वर्ग चिंचेखाली! आमची नातबी तिथं रडती असं कळलं, तसा मी तणतणत गेलो.

"बाई, शाळंत रडायला शिकवता व्हय?"

बाईंनी बुचड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

"बाबा, खोटं रडणारी पोरं चिंचा खाऊन येतात, ते मला कळतं. तुमची नात खरी रडते. म्हणते, घरी आबा रडत नाहीत, मग मी कसं रडू?"

तसाच माघारी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर भाकर टाकली अन् नातीसमोरच भोकाड पसरलं. पोरगी टकामका बघत राहिली. मग डोळं पुसत बोलली, "आबा, आधी भाकर उलटा. करपली की!"