बिसेसरकाकांचं रिकामं दुकान

आमच्या वस्तीत दुकान एकच, बिसेसरकाकांचं. फिजीतल्या लौटोका शहरातून निघालेली बस उसात शिरते, उसगाडीचे रूळ ओलांडते आणि थांबते, तिथेच समोर ते आहे. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी आणि खिडकीमागे काका. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून त्यांना तिथेच उभं पाहिलंय.

काकांकडे सगळं सुटं मिळे. एक कांदा, दोन सिगारेटी, कागदाच्या पुडीत चमचाभर हळद. शहरातल्या मोठ्या दुकानात अख्खं पाकीट घ्यावं लागतं, आणि ऊस तोडायला जाणाऱ्या माणसाला रोजच्या रोज पुडीएवढंच परवडतं. त्यामुळे आमची भारतीय वंशाची माणसं आणि नदीपलीकडच्या कोरोतली, म्हणजे गावातली, फिजियन माणसं संध्याकाळी काकांच्या जाळीपुढेच जमायची. सामान घ्यायचं, गावगप्पा करायच्या आणि घरी जायचं. काकांना या गर्दीचं फार सुख होतं. "बँकेत काय, नुसते पैसे येतात," ते म्हणत. "माझ्याकडे माणसं येतात."

दुकान त्यांच्या वडिलांनी काढलं. जमीन मात्र कोरोतल्या तोरिकाच्या कुळाची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. तोरिका आणि काका एकाच वयाचे, नदीकाठच्या शाळेत एका बाकावर बसलेले. आम्ही तिला बू तोरिका म्हणायचो, म्हणजे आजी. काका मात्र नुसतं तोरिका म्हणत आणि ती त्यांना बिसे. पट्ट्यांची मुदत संपली तेव्हा आमच्यातली कितीतरी घरं उठली. कुणी सुवाच्या बाजूला गेलं, कुणी ऑकलंडला. काकांनीही खोकी बांधायला घेतली होती. पण तोरिका कुळाच्या बैठकीत उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "बिसेचं दुकान गेलं तर मीठ आणायला कोण जाणार, तू?" सगळे हसले आणि दुकान राहिलं.

तोरिकाची मुलगी असेना बेटावरच्या एका रिसॉर्टात खोल्या आवरायचं काम करी. इकडे आईच्या भावाला मोमो म्हणतात. असेना लहानपणापासून काकांना मोमोच म्हणे. तिला मुलगी झाली, लितिया. तीन महिन्यांची रजा संपली तशी ती बाळाला आईकडे ठेवून परत कामावर गेली. जाताना दुकानाशी थांबून म्हणाली, "मोमो, दुधाच्या पावडरीचं बघाल ना?"

"तू बिनघोर जा. माझ्या फळीवर डबा नाही असं होणार नाही."

आणि काकांनी खरंच डबे आणून ठेवले. वस्तीत दुसरं तान्हं बाळ नव्हतं. ते डबे लितियाचेच होते, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग तो मार्च महिना आला. दूरदेशीच्या त्या आजाराच्या बातम्या आम्ही जानेवारीपासून ऐकत होतो. रोज संध्याकाळी नगोना, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं इथलं पेय, प्यायला बसणारी मंडळी त्यावर विनोद करत आणि नेहमीप्रमाणे एकाच करवंटीतून सगळे पीत. एका सकाळी रेडिओवर सांगितलं की देशातला पहिला रुग्ण सापडला आणि तो आपल्या लौटोकातच. मी शाळेत शिकवते. आम्ही मुलांना घरी पाठवलं आणि मी दुकानाशी उतरले, तर रस्त्यावर गाड्याच गाड्या. लग्नाशिवाय एवढ्या गाड्या मी आमच्या वस्तीत पाहिल्या नव्हत्या.

शहरातल्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, काही ठिकाणी फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. म्हणून गाडीवाले लोक वस्त्यांमधली छोटी दुकानं शोधत सुटले होते. जाळीपुढे धक्काबुक्की चाललेली. कुणी पिठाच्या गोणीला हात घालतंय, कुणी माशांचे डबे मागतंय, कुणाला संडासचे कागद हवेत. एक बाई ओरडत होती, "माझ्या आधी त्यांना का? मी केव्हाची उभी आहे!" ती काय घ्यायला आली होती हे तिलाच आठवत नव्हतं. शेवटी तिने मेणबत्त्या नेल्या.

त्या गर्दीत उमेश दत्त आले. शहरातल्या बँकेतले मोठे साहेब. काका कधीकाळी कर्जासाठी त्यांच्या टेबलापुढे टोपी हातात घेऊन बसले होते. आज साहेब जाळीपलीकडे उभे होते आणि चक्क 'काका' म्हणत होते.

"काका, काय काय आहे तुमच्याकडे?"

"सगळं आहे साहेब. आपण सांगा."

"मग सगळंच थोडं थोडं द्या. तांदूळ, पीठ, तेल. आणि ते वरचे दुधाचे डबे."

काकांची बायको सुखदेई मागे माल काढून देत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, थोडं मागे ठेवा. संध्याकाळी आपली माणसं येतील."

"उद्या गाडी येतेय की मालाची."

"निदान डबे तरी ठेवा. तोरिकाचे आहेत ते."

"अगं, साहेब पहिल्यांदा दारात आलेत. नाही कसं म्हणू?"

काकांनी स्टुलावर चढून सगळे डबे काढले, फडक्याने पुसले आणि स्वतः साहेबांच्या गाडीत नेऊन ठेवले. त्यांनी भाव वाढवला नाही, हे मुद्दाम सांगते. पैशाचा लोभ त्यांना नव्हताच. मला वाटतं, एवढी मोठी माणसं आपल्या पत्र्याच्या दुकानाशी रांग लावून उभी आहेत, याचीच त्यांना धुंदी चढली होती. दुपारी मी पीठ घेऊन निघाले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या नवरदेवासारखा फुलला होता.

संध्याकाळी आमची माणसं आली. पायी येणारी, सुटं घेणारी. फळीवर काड्यापेट्या, शाई आणि धूप एवढंच उरलं होतं. लोक बघत, मान हलवत परत गेले. सगळ्यांत शेवटी तोरिका आली, छत्री टेकत.

"बिसे, डबा दे. आत्ता दुपारी संपला."

काका फळीकडे वळले. काय आहे ते त्यांना माहीत होतं, तरी वळले.

"उद्या येईल तोरिका. सकाळीच गाडी येतेय."

"उद्या? आणि रात्री काय पाजू तिला?" ती जाळीतून आत डोकावली. "कुणी नेले?"

"शहरातले लोक आले होते."

तिने छत्री उचलली. मग म्हणाली, "दुकान तुझं आहे. तू कुणालाही विकशील." आणि नदीकडे निघून गेली. भांडली असती तर काकांनी दोन शब्द परत केले असते. हे वाक्य मात्र त्यांना कुठे ठेवावं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी लौटोकाच्या चारी बाजूंना पोलिसांचे नाके लागले. आतले आत, बाहेरचे बाहेर; आमची वस्ती आतच होती. मालाची गाडी काही आली नाही. काका आपली जुनी व्हॅन घेऊन शहरात गेले, औषधाच्या दुकानांपुढे उभे राहिले. कुठेच पावडर नव्हती. मग ते उमेश दत्तांच्या घरी गेले. साहेब तोंडाला फडकं बांधून ओसरीवर आले, फाटक उघडलं नाही.

"साहेब, ते दुधाचे डबे. एकच परत द्या. एक तान्हं बाळ आहे हो."

"अरेरे. काका, ते मी कालच बा शहरात बहिणीकडे पाठवले. नाके लागायच्या आत. तिच्या सुनेला लागतील म्हणून."

"बाळ केवढं आहे त्यांचं?"

साहेब अडखळले. "अजून व्हायचंय. ऑगस्टमध्ये."

साहेबांनाही वाईट वाटलं असावं. तांदळाची एक पिशवी घेऊन ते फाटकापर्यंत आले. काकांनी ती घेतली नाही.

वस्तीत परतल्यावर काका रामदीनच्या गोठ्यात गेले आणि लोटाभर दूध घेऊन थेट कोरोत पोचले. मीही बरोबर होते. तोरिकाने रात्रभर बाळाला बिस्किटं भिजवलेलं साखरपाणी पाजलं होतं. लितियाचं रडणं नदीवरूनच ऐकू येत होतं.

"नर्सने सांगितलंय, गाईचं दूध द्यायचं नाही," तोरिका म्हणाली.

"अगं नर्सचं काय ऐकतेस! आपण सगळे कशावर वाढलो?"

"मी माझ्या आईच्या दुधावर वाढले. तुझं तू बघ."

"पाणी घालून दे. काही होत नाही. माझं ऐक."

तिने लोटा घेतला. बाळ भुकेलं होतं आणि सांगणारा बिसे होता. दोन दिवसांत लितियाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पोर चिमटून गेली, डोळे आत गेले. काकांनीच व्हॅन काढली आणि दोघींना इस्पितळात नेलं.

खरी गंमत, गंमत कसली म्हणायची, त्यानंतर झाली. तोंडं झाकलेल्या परिचारिकांनी बाळाला आत नेलेलं कुणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की तोरिकाच्या नातीला 'तेच' झालंय. आई रिसॉर्टात परदेशी लोकांच्या चादरी बदलते, मग काय! आमच्या सासूबाईंनी फाटकाला कडी लावली. नदीवर कोरोतल्या बायका कपडे धुवायला आल्या की आमच्या बायका उठून जायच्या. काका व्हॅनमध्ये त्यांच्याबरोबर होते, म्हणून दुकानाशीही कुणी फिरकेना. फिरकून तरी काय, आत होतं काय? काका रिकाम्या फळ्यांपुढे उभे राहायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "जुलाब आहेत हो नुसते. दुधाने झालेत. मी दिलेल्या दुधाने." लोक लांबूनच बरं बरं म्हणत.

असेनाचं रिसॉर्ट बंद झालं होतं. ती नांदीच्या बाजूच्या नाक्यापर्यंत आली होती, पण आत सोडत नव्हते. नातेवाइकांकडे राहून रोज फोन करायची. एकदा तिने दुकानात फोन केला. काकांनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहरा पडत गेला. सुखदेईकाकींनी मला नंतर सांगितलं, पोरगी रडत नव्हती, नुसतं विचारत होती.

"मोमो, डबे तर होते ना? मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत."

"होते बाळा."

"मग?"

काकांनी फोन काकींच्या हातात दिला आणि मागच्या दाराने उसात निघून गेले.

लितिया वाचली. सलाईन लावलं, इस्पितळातून पावडर मिळाली, आठवड्याभरात ती घरी आली. तिला तो आजार नव्हताच. नाके उठले, त्याच सुमारास वादळ आलं, रस्त्यांवर पाणी चढलं. पाणी उतरल्यावर असेना आली. तिने आईला मिठी मारली, बाळाला उचललं आणि चार दिवसांनी जहाजाने तिला सावुसावूला, नवऱ्याच्या माणसांत घेऊन गेली. "तिकडे घरात पाच बायका आहेत, आई," एवढंच म्हणाली. काकांना भेटायला दुकानात आली नाही. बसच्या खिडकीतून तिने हात मात्र केला.

मग काकांनी इथल्या रीतीने माफी मागायचं ठरवलं. शहरातून नगोनाच्या मुळांची जुडी आणली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कोरोत जाऊन तोरिकाच्या भावापुढे मांडी घालून बसले. मान खाली घालून बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी दाराशी बायकांत होते. भावाने जुडीला हात लावला, टाळ्या वाजल्या, म्हणजे माफी झाली. नगोना कालवला गेला आणि प्रत्येकाला वेगळ्या कपात दिला गेला. कुणी हसून म्हणालं, "बिसेसर, आता गाडीवाल्यांना उसातच अडवू." काकाही हसले.

परतताना तोरिका नदीपर्यंत पोचवायला आली.

"तोरिका, माझ्यावर राग आहे का गं?"

"राग नाही, बिसे. रागाचं तर तिथे आत मिटलं." ती थांबली. "त्या दिवशी घरून निघाले तेव्हा तुझ्याकडे डबा नसेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आता दर वेळी येतं. ते कसं काढू, ते तूच सांग."

काका वहाणा हातात घेऊन पाण्यात उतरले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दुकान पुन्हा भरलं. संध्याकाळची गर्दीही परतली, पण पूर्वीइतकी नाही. त्या दिवसांनंतर ज्याला जमलं त्याने घरात एखादी गोणी ठेवायला सुरुवात केली. तोरिकाचा पुतण्या तिला महिन्याचं सामान शहरातून आणून देतो. ती अजूनही दुकानात येते, काड्यापेटी नाहीतर मीठ घेते आणि जाळीशी उभी राहून गुडघ्यांच्या तक्रारी सांगते. ती मुद्दाम येते हे काकांना कळतं. काकांना कळतं हे तिलाही कळतं.

काका मात्र बदलले. कुणी मोठी खरेदी करायला आलं की त्यांचे हात थबकतात. मागच्या वर्षी रामदीनच्या मुलीच्या लग्नासाठी पिठाच्या पाच गोण्या हव्या होत्या. काकांनी दोन दिल्या.

रामदीन हसायला लागला. "काका, पाहुणे जेवून उठायचेत की नाही?"

"बाकीच्या शहरातून आण."

"अहो, लग्न आहे ते," काकी आतून वैतागून म्हणाल्या. "साथ नाही आली."

"असू दे," काका म्हणाले. उरलेल्या गोण्या त्यांनी मागे ओढल्या आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. रामदीन दोन गोण्या गाडीवर टाकून शहराकडे निघाला.