शेवाळ खरवडायचा दिवस

आमच्या लवळ्यात पावसाळ्याआधी एक दिवस ठरलेला असायचा, छपराचं शेवाळ खरवडायचा. छप्पर म्हणजे सिमेंटचे करडे, नालीदार पत्रे. मुळशीचा पाऊस काय चेष्टा आहे! चार महिन्यांत पत्र्यांवर असं जाड हिरवं शेवाळ धरायचं की वर बकरी नेऊन चारावी. वैशाखाच्या उन्हात ते खडखडीत वाळलं की दादा, म्हणजे माझे वडील, तारेचा ब्रश घेऊन शिडी चढायचे.

त्या दिवशी मला जेवणखाण सुचायचं नाही. मी खाली पाटी धरून उभी. वरून खर्रर्र खर्रर्र आवाज आणि अंगावर शेवाळाबरोबर पत्र्याचीही भुकटीच भुकटी! भुवया पांढऱ्या, वेण्या पांढऱ्या. आई म्हणायची, "अगं बया, म्हातारी झालीस की!" मग मी कंबरेत वाकून तिला म्हातारीसारखं चालून दाखवायची. शेवाळाचा चोथा उकिरड्यावर जायचा आणि बारीक भुकटी चाळून डब्यात. आई वर्षभर त्या भुकटीनंच भांडी घासायची. आमची तांब्याची कळशी अशी लखलखायची की शेजारणी वाटी घेऊन भुकटी मागायला यायच्या, आणि मी काय ऐटीत द्यायची!

पुढं माझं लग्न झालं, मी पौडला गेले. आई गेली. दादांनी कॉलेजच्या पोरींना दोन खोल्या भाड्यानं दिल्या, पण छप्पर तेच आणि ब्रशही तोच. गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. विहिरीवरून घरी येताना दोनदा बसायचे. मी त्यांना ओढतच पुण्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "कारखान्यात होता का कधी? धुळीचं काम?"

"न्हाई वो. आमी शेतकरी मानसं. भाताची खाचरं आन् घर."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी शेजारी बसून मान डोलावली. कसली शहाणी मी!

वैशाखात माहेरी गेले तर दादा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, हातात ब्रश, आणि धाप अशी की शिडी हलतेय. मी ओरडणार तेवढ्यात भाडेकरू पोरगी ओढणी नाकाला लावून खोलीतून धावत आली. पर्यावरण शिकते ती.

"काका, थांबा! कोरडं घासू नका! या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं."

तिनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. पत्रा गपचूप पडून असला तर फारसं काही करत नाही. पण घासला, फोडला, मशीननं कापला की त्यातले तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पुण्यात जुन्या शेड पाडतात तिथं तेच होतं, वारा ते पुढच्या गल्लीत नेतो. छातीत गेले की बसतात ठाण मांडून, आणि दुखणं वर यायला वीस-तीस वर्षं जातात. माझ्या डोळ्यांसमोर भुकटीचा डबा उभा राहिला.

"काय व्हतंय त्यानं?" दादा म्हणाले. "एवढी वर्सं घासतुया. न्हाई ठेवायचा पत्रा, तर हातोड्यानं फोडतो आन् गल्लीतल्या खड्ड्यात टाकतो."

झालं! माझा पारा चढला. "हातोड्याला हात लावून तर बघा! आणि डॉक्टरांना का नाही सांगितलं हे?"

"त्यांनी कारखान्याचं इचारलं. घरचं कुटं इचारलं?"

तीन दिवस आमचं बोलणं बंद. पण छप्पर उतरवायचंच ठरलं, आणि काय सांगू तो दिवस! भातावर औषध मारायचा पंप चांगला धुऊन त्यात पाणी भरलं आणि पोरगी पत्र्यांवर फवारत सुटली. तिनं फोनाफोनी करून धोकादायक कचरा नेणारी गाडी ठरवली होती. गाडीवरची माणसं चांगले मास्क लावून वर चढली आणि गंजलेले हूक एकेक करून सोडवायला लागली. घासायचं नाही, आपटायचं नाही. आम्ही सगळे लांब, विहिरीपाशी. प्रत्येक पत्रा खाली टेकला की मी ओरडायची. आला! अख्खा आला! गल्लीतली पोरं आरोळ्या ठोकत मोजत होती. बाविसावा पत्रा कोपऱ्यात जरा करकरला तेव्हा मी दादांचा दंड एवढा दाबला की ते कळवळले. शेवटचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीत चढला तशी मी चक्क टाळ्या पिटल्या.

दादा मात्र विहिरीपाशीच थांबले होते. उघड्या वाशांकडं बघत होते. मग म्हणाले, "उद्या पुण्याला जाऊ."

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच सुरुवात केली. ब्रश, वैशाख, भुकटी, सगळं सांगितलं. डॉक्टर लिहीत राहिले, आणखी एक तपासणी लिहून दिली. मला एवढा आनंद झाला की मी पिशवी उचलून उभीच राहिले.

दादा उठले नाहीत. त्यांनी माझा हात धरून मला परत खाली बसवलं.

"डाक्टरसाहेब, हिचा बी फोटू काढा," ते म्हणाले. "मी वर असायचो. खाली पाटी धरून ही उभी असायची."