सरांनी पेपर हातात दिला नाही

सातवीपर्यंत मी आमच्या गावात, कोंडाण्यात शिकले. आठवीला कर्जतच्या मोठ्या शाळेत नाव घातलं, आणि गणिताच्या पहिल्याच चाचणीत मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. सरांनी पेपर हातात दिला नाही. तो धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

"कोणाचं बघून लिहिलंस?"

"नाय सर, मीच..."

माझ्या 'नाय'वर मागचे बाक हसले. सरांनी खडू पुढे केला आणि त्याच पेपरातलं एक गणित फळ्यावर सोडवायला सांगितलं. पाठीमागे अख्खा वर्ग. खडू घामाने ओला झाला. एक ओळ लिहिली आणि पुढचं काही सुचेचना.

"बस खाली," सर म्हणाले. शिक्षासुद्धा केली नाही.

तेव्हापासून धास्तीच बसली. सरांची कमी, माझीच जास्त. वाटायचं, नजर गेली असेल शेजारी, आपल्याला कळलंही नसेल. नाहीतर एवढे गुण मला कुठून पडणार? पुढच्या चाचणीत मी मान वर केली नाही. उत्तर पटकन आलं की भीती वाटायची, मग ते खोडायचे. जेमतेम पास झाले. या वेळी सरांनी काहीच विचारलं नाही.

सकाळी कर्जतची टमटम येताना दिसली की पुढ्यातली भाकर तशीच राहायची.

"जेवत का नाय गं? शाळेत काय झालं?" आई विचारायची. मी दप्तर उचलून निघायचे.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. सहामाहीच्या आदल्या दिवशी तिने सरळच विचारलं, "तू पहिल्या चाचणीत माझं बघितलंस असं वाटतं का तुला?"

"माहीत नाय."

"वेडी का गं तू? माझी निम्मी गणितं चुकली होती. मग तुझी बरोबर कशी आली?"

मी मान वळवून बघितलं. माझ्या दुसऱ्या बाजूला तर भिंत होती.

सहामाहीला उत्तर पटकन आलं की भीती वाटलीच, पण लिहिलेलं एकही उत्तर मी खोडलं नाही. गुण पहिल्यासारखेच पडले. सरांनी पेपर हातात दिला आणि पुढचं नाव घेतलं. तास संपेपर्यंत माझे कान त्यांच्याकडे लागलेले.

दहावीपर्यंत गणितात मी पुढेच राहिले. निकालाच्या दिवशी मात्र दर वेळी घाम फुटायचा.