शर्टाच्या खिशातली ढलपी

बडोद्यात हल्ली स्वयंपाकघरातल्या कपाटाला कपाट म्हणायची लोकांना लाज वाटते, 'मॉड्युलर' म्हणतात. म्हणोत बापडे. पण नाव काहीही ठेवलं तरी दारं सांगितलेल्या लाकडाचीच आहेत की भलत्याच, हे कोणाला तरी बघावंच लागतं. हसमुखभाईंच्या कारखान्यात ते काम धनाजीराव जगताप करायचे. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आजोबा दरवान, आणि धनाजीरावांनी अठराव्या वर्षी जो रंधा हातात धरला तो चाळीस वर्षं सोडला नव्हता.

त्यांची रीत ठरलेली. आलेल्या मालातली मधलीच एखादी फळी ओढून काढायची, कारण वरच्या फळ्या व्यापाऱ्याने दाखवायलाच ठेवलेल्या असतात. उचलून वजन बघायचं, टिचकी मारून ऐकायचं, गाठी मोजायच्या, पोखरलेलं भोक दिसतंय का ते बघायचं. मग एक रंधा मारायचा, निघालेली पातळ ढलपी तळहातांत चोळायची आणि डोळे मिटून नाकाशी धरायची. सागाला नव्या चामड्यासारखा, जरा तेलकट वास असतो. तो आला की खडूची खूण फळीवर आणि ढलपी शर्टाच्या खिशात. रंगाने, रेषांनी फसवता येतं, पण धनाजीरावांच्या नाकाला फसवणारा व्यापारी अजून जन्माला यायचाय, असं हसमुखभाई येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

आणि तेच नाक तीन वर्षांपूर्वी कोरोनाच्या तापात गेलं. ताप उतरला, चव थोडीफार परत आली, वास काही आला नाही. धनाजीरावांनी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसावं लागलं असतं, आणि हा माणूस घरी बसून काय करणार होता? सुट्टीच्या दिवशीही पेपर वाचून त्याला अकरालाच कंटाळा यायचा. म्हणून ते डोळ्यांवर, हातावर आणि टिचकीवर काम रेटत राहिले. ढलपी मात्र चोळायचे, नाकाशी धरायचे, मान डोलवायचे. निव्वळ नाटक. घरी ताटावर बसतानाही न चुकता म्हणायचे, "वा, काय वास सुटलाय!"

त्या मंगळवारी निरुपमाताईंचा माल आला होता. निरुपमाताई शाळेत शिकवायच्या. तीस वर्षं भाड्याच्या घरात काढून त्यांनी बडोद्यातच अकोट्याला फ्लॅट घेतला होता, आणि स्वयंपाकघराची दारं सागाचीच हवीत, एवढा एकच हट्ट धरला होता. फळ्या बघायला त्या मुद्दाम आल्या होत्या.

"मला लाकडातलं शून्य कळतं, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही होय म्हणालात ने, की माझं टेन्शन गेलं."

धनाजीरावांनी फळी उचलली. वजन बरोबर. रेषा सागाच्या. हाताला तेलकटपणा लागला. ढलपी नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"काका, माल पास छे ने?" हसमुखभाईंनी विचारलं.

"होय. साग आहे," धनाजीराव म्हणाले आणि त्यांनी खडूची खूण केली. कापणी उद्या नऊला सुरू होणार होती.

संध्याकाळी निजामपुऱ्यातल्या घरी येसूबाईंनी धुवायला टाकण्याआधी नवऱ्याचा शर्ट झटकला, खिसा रिकामा केला. हे त्या रोजच करायच्या. ढलपी हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

"आज साग नव्हता ने?"

"सागच होता."

"हा साग नाही. याला भुशाचा वास आहे, बस."

धनाजीराव उखडले. "आता तू शिकवणार मला लाकूड?"

"शिकवत नाही. अडतीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय मी. सागाचा शर्ट दोन पाण्यांत घातला तरी वास सोडत नाही. शिसवाचा निराळा, देवदाराचा तर बादलीभर पसरतो. तुम्ही दिवसभर काय कापलंत ते तुमच्या आधी मला कळतं." मग येसूबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हाला वास येत नाही, तेही मला माहीत आहे. मागच्या दिवाळीत दूध करपून काळं झालं, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. म्हटलं, सांगतील कधीतरी."

रागवावं तर कोणावर? धनाजीराव उठले आणि कपड्यांच्या दोरीजवळ नुसते उभे राहिले. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. दारांवर पॉलिश चढलं की सगळं एकसारखंच दिसतं. सांगितलं तर चाळीस वर्षांची अब्रू जाणार आणि कामही. पण निरुपमाताई आयुष्यभर त्या दारांना साग समजून पुसत राहणार, आणि तेही आपल्या एका शब्दावर, हे त्यांना काही केल्या गिळवेना.

सकाळी आठलाच ते कारखान्यात गेले. हसमुखभाईंना म्हणाले, "कापणी थांबवा. निरुपमाताईंना बोलवा." त्या आल्यावर दोघांसमोर त्यांनी सांगून टाकलं. खूण चुकीची होती. हा साग नाही. मला तीन वर्षं वास येत नाही.

हसमुखभाईंनी एक फळी मधोमध कापली. कापलेल्या तोंडाला हात लावला तर कोरडं ठणठणीत. तेलाचा हात नुसता वरून फिरवलेला. त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि गुजरातीत त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की सुतारांनी करवती थांबवून ऐकली. फोन ठेवून म्हणाले, "काका, मग हे पकडलं कोणी?"

"आमच्या घरच्यांनी. शर्टावरून."

निरुपमाताई खळखळून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नवीन माल येईल तेव्हा त्यांना घेऊन या, काका. त्या होय म्हणाल्या, आणि तुम्ही म्हणालात, तरच माझी दारं होतील."

शनिवारी येसूबाई पहिल्यांदा कारखान्यात आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या स्टुलावर अवघडून बसल्या. धनाजीरावांनी फळी ओढली, वजन बघितलं, टिचकी मारली, रंधा मारला आणि ढलपी बायकोच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातांत चोळली, अगदी नवऱ्यासारखी; डोळेही मिटले. कोणी हसलं नाही.

"साग," त्या म्हणाल्या.

धनाजीरावांनी खडू त्यांच्यापुढे केला. येसूबाईंनी फळीवर हळदीकुंकवाला लावतात तसं एक बोट टेकवल्याएवढं पांढरं टिंब काढलं. हसमुखभाई म्हणाले, "दर शनिवारी याल ने, बेन? रिक्षा मी पाठवीन." धनाजीरावांचा जीव भांड्यात पडला. काम राहिलं होतं.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. येसूबाई आमटीला फोडणी देत होत्या. वा, काय वास सुटलाय, हे तोंडावर आलं होतं; ते त्यांनी परतवलं.

"येसू, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर," ते म्हणाले. "मला काही कळत नाही. सांग ना, कसा येतोय?"

येसूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही, आच तेवढी मंद केली. "आत्ता मोहरी," त्या म्हणाल्या. "थांबा, हिंग घालते. मग सांगते."

धनाजीरावांनी पाट ओढला आणि चुलीशेजारी बसले.