नंबर लागला

वस्तीत देवराव गजभिये यांना कोणी नावाने हाक मारत नसे. थुंकीवाला म्हणत. सकाळी सायकलला खोका बांधून ते क्षयाच्या रोग्यांकडे जायचे, झाकणाच्या डबीत थुंकी घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे. दोन सरकारांच्या पैशावर चाललेलं संशोधन होतं ते. एक सरकार आपलं, एक सातासमुद्रापलीकडचं. त्र्याहत्तर सालची गोष्ट. काही डब्यांतले जंतू विमानाने तिकडे जात.

शेजारची बायजाबाई दारातूनच ओरडायची, "काहून गा थुंकीवाल्या, माह्या थुंकीले इमानात बसवतं, अन् मले काटोलची यष्टी भी नाही!"

ज्याची थुंकी विमानात गेली त्याचा 'नंबर लागला', असं वस्ती म्हणे. आता तिकडून त्याच्यासाठी दवा येणार. असं कोणी सांगितलं नव्हतं. पण देवरावांनाही तसंच वाटे. ही बातमी ते घरोघरी आनंदाने नेत. चहा मिळे. म्हातारी माणसं त्यांच्या तोंडावरून हात फिरवत.

त्यांची बायको सिंधूताई वर्षभर खोकत होती. सरकारी गोळ्यांनी जरा फरक पडला की उरलेल्या ती नरखेडच्या नणंदेला देई. तिलाही खोकला होता. एकटीनेच बरं होणं सिंधूताईला पटत नसे. खोकला परत आला. थंडीत तिची डबी निवडली गेली. देवराव पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेले.

डॉक्टर श्रीधर यांनी पेढा हातात घेतला. तोंडात घातला नाही.

"देवराव, ज्या जंतूंवर आपली औषधं चालत नाहीत, तेच आम्ही तिकडे पाठवतो."

"मंग तिकडून दवा?"

"दवा नाही. पैसा अभ्यासासाठी मंजूर झालाय. दुसऱ्या औषधांसाठी दोन्ही सरकारांकडे मागितलाय. कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

"जंतू इमानात चालले, साहेब. बाई त इथंच हाये."

डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला.

घरी सिंधूताई भिंतीला टेकून बसली होती. बायजाबाईने तिची वेणी घालून दिली होती.

"लागला नं?" सिंधूताईने विचारलं.

"लागला."

"तिकडची दवा कडू राहते काय?"

"नाही वं."

देवराव रोज डॉक्टरांना विचारत. नुसते समोर उभे राहत, तेवढ्याने विचारणं होई. आकाशात घरघर झाली की सिंधूताई दाराकडे पाही. उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

देवरावांनी काम सोडलं नाही. दुसरं कोणी आलं असतं तर तेही नंबरच सांगत फिरलं असतं. पुढे एकदा यमुताईच्या दाराशी ते डबीसाठी थांबले होते. आत तिची लेक प्रेमिला थुंकी देत होती.

"भाऊ, आमचा नंबर लागन काय?"

"न लागो, माय."

यमुताईचा चेहराच फिरला. "सोताच्या बायकोचा बरोबर लावला!"

देवरावांना सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण आत प्रेमिला अंगातली सगळी ताकद लावून खोकत होती; नंबर लागावा म्हणून.